बँड कुणाचा असतो? हॉकविंड, लेमी आणि आमची तिसऱ्या मजल्यावरची खोली

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता पीएमटीत इअरफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर. मधले 'अं…' आणि खालून आलेले हॉर्न काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसं.)

नमस्कार मंडळी! मी बुधवार पेठेतून बोलतोय.

हसून घ्या. दर वेळी हे वाक्य बोललो की पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसतंच. मला सवय आहे, कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून. 'कुठं राहतोस?' 'बुधवारात.' 'ओहो…' त्या 'ओहो'ला मी आता उत्तर देत नाही. ज्या गल्ल्यांवरून लोक हसतात तिथल्या मुली माझ्या शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायच्या, एवढंच सांगतो आणि पुढे जातो. माझ्यासाठी बुधवार पेठ म्हणजे दगडूशेठसमोरची रांग, तांबडी जोगेश्वरीची घंटा, जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांसाठी होणारी झुंबड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तापकीर गल्ली. वायर, स्विच, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, आयसी, जॅक, पिना. पुण्यात कुणालाही काही जोडायचं किंवा उघडायचं असेल, तर तो शेवटी आमच्या खालच्या रस्त्यावर येतोच.

हे सगळं आधी सांगितलं कारण आजची गोष्ट लंडनमधल्या एका बँडची असली, तरी ती मला या गल्लीमुळेच कळली.

बँडचं नाव हॉकविंड. १९६९ साली सुरू झाला, अजून चालू आहे. इतक्या वर्षांत त्यात किती जण आले आणि गेले याची यादी करायला बसलात तर दोन चहा होतील. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत टिकलेला माणूस एकच, डेव्ह ब्रॉक. जन्म १९४१. हिशेब करा. ऐंशी कधीच ओलांडली, तरी माणूस गिटार घेऊन उभा आहे.

आता प्रश्न असा की सगळे बदलले आणि एकच उरला, तर तो बँड तोच का? की एका माणसाने जुनं नाव धरून ठेवलंय? हा प्रश्न मी टाइमपास म्हणून विचारत नाहीये. माझा त्यात स्वार्थ आहे, तो शेवटी सांगतो. पळू नका.

सुरुवात करू. डेव्ह ब्रॉक हा लंडनच्या रस्त्यांवर गिटार वाजवून पैसे मिळवणारा माणूस. समोर टोपी ठेवायची आणि वाजवायचं. १९६९मध्ये त्याने मिक स्लॅटरी नावाचा जुना मित्र गिटारवर घेतला, जॉन हॅरिसन बेसवर, आणि जाहिरात देऊन टेरी ऑलिस नावाचा एक पोरगा ड्रमवर. इथपर्यंत सगळं आपल्यासारखंच आहे. पुढे गंमत आहे. निक टर्नर नावाचा एक मित्र होता. त्याच्याकडे व्हॅन होती, म्हणून त्याला सामान न्यायला घेतलं. नंतर कळलं की याच्याकडे सॅक्सोफोनही आहे. झाला बँडमध्ये! मायकेल डेव्हिस, ज्याला सगळे डिक मिक म्हणायचे, तोही असाच सामान उचलायला आलेला. त्याला कुठलंच वाद्य येत नव्हतं. त्याच्याकडे होता एक ऑडिओ जनरेटर.

इथे थांबतो, कारण इथेच मी अडकलो होतो.

ऑडिओ जनरेटर म्हणजे काय? तुमच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना माहितीये. प्रयोगशाळेत असतो ना, डबा, त्यावर एक मोठी चकती. चकती फिरवली की सूर खाली-वर जातो. अॅम्प्लिफायर नीट चालतो का, स्पीकर कुठे फाटतो, हे तपासायचं यंत्र ते. संगीताशी त्याचा काही संबंध नाही. डिक मिकने तो डबा एका एको मशीनला जोडला आणि चकती गरागरा फिरवायला सुरुवात केली. हूऊऊऊश. यान उडाल्यासारखं. लोक ज्याला 'स्पेस रॉक' म्हणतात, त्यातली 'स्पेस' सुरुवातीला बरीचशी या डब्यातून आलेली आहे. पुढे डेल डेटमार आला. तोही आधी बँडच्या सामानाची, आवाजाची कामं करणाऱ्यांपैकीच. त्याने व्हीसीएस३ हा सिंथेसायझर आणला. तेव्हा तो नवा होता, लंडनमध्येच तयार झालेला.

म्हणजे बघा, ज्या वस्तू आमच्या खालच्या दुकानात दुरुस्तीवाले हातात घेऊन हुज्जत घालतात, तसल्या वस्तूंवर एका जगप्रसिद्ध बँडचा पाया! हे मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, अरे, मग आपल्याला काय कमी आहे? माझा एक मित्र होता, सोल्डरिंगमध्ये एक नंबर. त्याने ५५५ची आयसी, दोन कपॅसिटर, एक पॉट आणि श्रीखंडाचा रिकामा डबा एवढ्यात आम्हाला तसं यंत्र बनवून दिलं. ५५५ म्हणजे टायमरची आयसी, अगदी किरकोळ किमतीची. ती स्वतःशीच चालू-बंद, चालू-बंद करत राहते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की आपल्याला सूर ऐकू येतो. पॉट फिरवला की सूर बदलतो. बस्स, एवढंच विज्ञान. त्या मित्राकडे परत येतोच आहे.

हॉकविंडचा पहिला कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६९ला, लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या ऑल सेंट्स हॉलमध्ये. हे तिथे आगंतुक म्हणून घुसले होते. बँडला नावसुद्धा नव्हतं, 'ग्रुप एक्स' म्हणून चढले. एकच चीज वीस मिनिटं वाजवली. प्रेक्षकांत जॉन पील होता, बीबीसीचा रेडिओवाला, ज्याच्या शब्दाला तिकडे वजन होतं. त्याने आयोजकाला सांगितलं की या पोरांकडे लक्ष ठेव. नंतर नाव झालं 'हॉकविंड झू', आणि मग नुसतं हॉकविंड. हे नाव म्हणे निक टर्नरच्या दोन सवयींवरून पडलं. एक, सारखा घसा खाकरणं. दुसरी… इंग्रजीत 'विंड'चा अजून एक अर्थ होतो, तो तुम्ही घरच्यांसमोर शोधू नका. [हसतो] एवढं वैश्विक, अवकाशयात्री वगैरे वाटणारं नाव, आणि मूळ हे. बँडची नावं अशीच पडतात. कुणाच्या तरी एखाद्या रात्रीच्या फालतू जोकमधून. आणि नंतर त्याच नावासाठी लोक वकील लावतात.

पहिला अल्बम १९७०मध्ये आला. तोवर स्लॅटरी गेलेला आणि त्याच्या जागी ह्यू लॉइड-लँग्टन आलेला. हा पूर्वी वाद्यांच्या दुकानात कामाला होता आणि रस्त्यावर वाजवणाऱ्या ब्रॉकला गिटारच्या तारा विकायचा. त्याच वर्षी आयल ऑफ वाइटचा प्रचंड मोठा फेस्टिव्हल झाला. त्यात हॉकविंड नव्हते. मग यांनी काय केलं? कुंपणाच्या बाहेर, हवेने फुगवलेल्या एका मोठ्या तंबूत फुकट वाजवलं. आत तिकीटवाले, बाहेर हे. चेहऱ्याला चंदेरी रंग फासून फिरणारा निक टर्नर आतल्या जिमी हेंड्रिक्सच्याही नजरेत भरला होता. पण त्याच फेस्टिव्हलमध्ये लॉइड-लँग्टनने एलएसडी घेतली, ती त्याला भोवली. मनाने तो कोलमडला आणि बँड सोडला. आठ-नऊ वर्षांनी तो परत आला आणि पुढे बरीच वर्षं राहिला, हे आधीच सांगून ठेवतो. हॉकविंडमध्ये 'गेला' याचा अर्थ नेहमी 'गेला' असा होत नाही.

बेसवाले तर पहिल्या दोन वर्षांतच तीन झाले. हॅरिसन, मग थॉमस क्रिंबल, मग डेव्ह अँडरसन, जो जर्मनीच्या अमोन ड्यूल टू या बँडमधून आलेला. चौथा आला तो लेमी.

लेमीचं नाव तुमच्यापैकी ज्यांनी काळे टी-शर्ट घातलेत त्यांना सांगायला नको. १९७१मध्ये डिक मिक त्याला घेऊन आला. लेमी हा गिटार वाजवणारा, हेंड्रिक्सकडे सामान उचलायचं काम केलेला. बेस त्याने कधी हातात धरला नव्हता. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की बेसवाला त्या दिवशी आलाच नाही, बेस मात्र तिथे पडला होता, मग हाच उचलून वाजवायला लागला. बेस कसा वाजवतात हेच माहीत नसल्यामुळे तो गिटारसारखा वाजवायला लागला. अख्खे कॉर्ड, जोरात. आणि हॉकविंडचा आवाज बदलला. तोवर ते तरंगत होते, आता पळायला लागले.

हे मी कसं समजावू? तुम्ही ढोलताशा पथकात वाजवलंय का? विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर? एकच ठेका, अर्धा तास, पाऊण तास. पहिली पाच मिनिटं मजा वाटते, मग दहा मिनिटं हात दुखतात, आणि त्यानंतर एक वेळ अशी येते की हात कुणाचे आहेत तेच कळत नाही. सगळा रस्ता मिळून वाजवतोय असं वाटतं. ताशेवाला वर काहीतरी करतोय, ध्वज नाचतोय, आणि खाली तो ठेका जमिनीतून येतोय. हॉकविंडचं १९७२-७३चं संगीत तसं आहे. एक कॉर्ड, एक ठेका, वर डब्याचे आवाज. कुणी एकटा हिरो नाही. 'स्पेस रिच्युअल' हा त्यांचा लाइव्ह अल्बम ऐका, डिसेंबर १९७२मध्ये लिव्हरपूल आणि लंडनला रेकॉर्ड केलेला, १९७३ला आला. इंग्लंडच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. हेडफोन लावून, रात्री, दिवे बंद करून ऐका. लहान स्पीकरवर ऐकून मला नावं ठेवू नका.

त्या दौऱ्यात वाजवणारेच होते असं नाही. स्टेशिया नावाची उंचीपुरी नर्तकी होती, लिक्विड लेन या नावाने दिव्यांचा खेळ करणारा जोनाथन स्मीटन होता, कव्हरं आणि मंच सजवणारा बार्नी बबल्स होता, रॉबर्ट कॅल्व्हर्ट हा कवी होता, विज्ञानकथा लिहिणारा मायकेल मूरकॉक अधूनमधून येऊन मजकूर द्यायचा. म्हणून मी हॉकविंडला बँड म्हणण्यापेक्षा मंडळ म्हणतो. गणपती मंडळ. अध्यक्ष असतो, पण मांडव घालणारा, लायटिंगवाला, वर्गणीला फिरणारा, यातला कुणीही काढला तर ते मंडळ तसं राहत नाही. तरी नाव चालू राहतं. आमच्याकडे मंडळं १८९३पासूनची आहेत, त्यातला पहिला माणूस कुठून असणार आज? कुणी विचारतं का, की हे खरं मंडळ नव्हे?

या दौऱ्याला पैसे आले एका गाण्यातून. 'सिल्व्हर मशीन', १९७२. इंग्लंडात तिसऱ्या क्रमांकावर गेलं. शब्द कॅल्व्हर्टचे, त्याच्या डोक्यात म्हणे सायकल होती, चंदेरी सायकल, लोकांना वाटलं अवकाशयान. फेब्रुवारीत लाइव्ह रेकॉर्ड झालं तेव्हा गायलाही कॅल्व्हर्टच. पण ते गाणं त्याच्या आवाजात बसेना, आणि त्याची तब्येतही तेव्हा ठीक नव्हती. त्याला मनाच्या आजाराचा त्रास होता, आयुष्यभर. मग स्टुडिओत एकेकाने गाऊन पाहिलं आणि जमलं ते लेमीला. म्हणजे बँडचं सगळ्यात मोठं गाणं, संगीत ब्रॉकचं, शब्द कॅल्व्हर्टचे, आवाज नुकत्याच आलेल्या बेसवाल्याचा. आता सांगा, हे गाणं कुणाचं?

आणि तीन वर्षांनी त्याच आवाजाला यांनी काढून टाकलं.

मे १९७५. अमेरिकेचा दौरा. डेट्रॉइटहून कॅनडात शिरताना विंडसरच्या सीमेवर लेमीकडे पावडर सापडली. पोलिसांना वाटलं कोकेन, केस त्याप्रमाणे केली. निघालं अॅम्फेटामिन. कोकेनचा आरोप टिकेना, लेमी सुटला. तोवर बँडने त्याच्या जागी पॉल रुडॉल्फला बोलावून घेतलेलं. लेमी सुटून टोरँटोला पोचला, त्या रात्री वाजवलं, आणि वाजवून झाल्यावर त्याला सांगण्यात आलं की तू आता बँडमध्ये नाहीस.

मला या गोष्टीत वाजवून घेतलं हे सगळ्यात जास्त लागतं. आधी वाजवून घेतलं. मग सांगितलं.

त्यांची बाजूही आहे. दौऱ्यातला एक माणूस सीमेवर अडकला की सगळ्यांचे पैसे, तारखा, व्हिसा अडकतात. आणि लेमीबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे तोसुद्धा नाकारत नसे. पण नशा तिथे बहुतेक सगळेच करत होते. फरक एवढाच की इतरांची वेगळी होती. लेमी पुढे चाळीस वर्षं मुलाखतींमध्ये हे सांगत राहिला, हसत हसत. मला ते हसणं पूर्ण पटत नाही. कारण त्याने नवा बँड काढला तेव्हा नाव काय घेतलं? मोटरहेड. हॉकविंडसाठी त्याने लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचं नाव. ज्या घरातून काढलं, तिथली शेवटची वस्तू उचलून आणली आणि तिचीच पाटी लावली दारावर.

मोटरहेड हॉकविंडपेक्षा कितीतरी मोठा झाला. लेमी २०१५मध्ये गेला, तोवर तो चालला.

हे आपल्याकडे झालेलं नाही असं नाही बरं का. किर्लोस्कर नाटक मंडळी घ्या. १८८०मध्ये इथेच पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चा प्रयोग झाला, अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभं केलेलं. अण्णासाहेब १८८५मध्ये गेले, फक्त पाच वर्षांनी. कंपनी थांबली नाही. भाऊराव कोल्हटकर होते, ते १९०१मध्ये गेले. तरी कंपनी थांबली नाही. मग बालगंधर्व आले. आणि १९१३मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. लोक गंधर्वांकडे गेले. पुढे टेंबेंनी गंधर्व सोडून शिवराज नाटक मंडळी काढली. तिकडे किर्लोस्करमधून दीनानाथ मंगेशकर बाहेर पडले, १९१८मध्ये बळवंत संगीत मंडळी. आजीकडून मी ही नावं ऐकली तेव्हा मला ती देवादिकांची वंशावळ वाटायची. आता वाटतं, अरे, ही तर बँडची भांडणं आहेत! कुणाचा पगार, कुणाचं नाव पाटीवर वर, कुणाला भागीदारी नाही. फरक एवढाच की बाहेर पडणाऱ्याने नवं नाव घेतलं. 'खरी किर्लोस्कर आम्हीच' म्हणत त्याच नावाची दुसरी पाटी लावली नाही.

हॉकविंडमध्ये ते झालं.

लेमीनंतरचा काळ मी भराभर सांगतो, कारण नुसती नावं ऐकून तुम्हाला झोप येईल. १९७६च्या अखेरीस निक टर्नरलाच काढलं. हो, ज्याच्या घशावरून नाव पडलं त्यालाच. १९७७मध्ये कॅल्व्हर्ट गायक असताना एक फार छान, हुशार अल्बम झाला, 'क्वार्क, स्ट्रेंजनेस अँड चार्म'. १९७८मध्ये नावाचीच कायदेशीर अडचण झाली, तेव्हा ब्रॉक आणि कॅल्व्हर्टने 'हॉकलॉर्ड्स' नावाने काम केलं. म्हणजे मूळ माणूस आहे, नाव नाही. १९७९ला परत हॉकविंड. १९८०मध्ये ड्रमवर कोण बसला असेल? जिंजर बेकर! क्रीमवाला. एक अल्बम करून, एक दौरा करून तोही गेला. टर्नर १९८२मध्ये परत आला, १९८४ला परत बाहेर. कॅल्व्हर्ट १९८८मध्ये हृदयविकाराने गेला, पंचेचाळीसाव्हं वर्ष लागायच्या आत… नाही, चुकलो, त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच वर्षी रिचर्ड चॅडविक ड्रमवर आला आणि तो टिकला. ब्रॉकनंतर सगळ्यात जास्त काळ टिकलेला माणूस तोच, आणि त्याच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही. टिकणाऱ्यांचं असंच असतं.

ऑक्टोबर २०००मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकादमीत एक मेळावा झाला. जुने-नवे वीसेक जण एका मंचावर. त्याला 'हॉकेस्ट्रा' म्हणाले. शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर असतं ना, तसं. आणि गेट-टुगेदरनंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे होतं, तेच झालं. पैशांवरून कुरबुरी. टर्नरने जुन्या काही लोकांना घेऊन वेगळं पथक केलं आणि नावात 'हॉकविंड' ठेवलं, मागे-पुढे काही अक्षरं जोडून. ब्रॉकने कायद्याची वाट धरली. टर्नरला नाव सोडावं लागलं. मग त्यांच्या पथकाचं नाव झालं 'स्पेस रिच्युअल'. म्हणजे अल्बमचं नाव. लेमीने गाणं नेलं, टर्नरने अल्बम नेला, ब्रॉककडे पाटी राहिली.

टर्नर नोव्हेंबर २०२२मध्ये गेला. डिक मिक २०१७मध्ये, लॉइड-लँग्टन २०१२मध्ये. ब्रॉक अजून दर वर्षाला एखादा अल्बम काढतो. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षं. २०२३चा मी पूर्ण ऐकला. चांगला आहे. खरंच चांगला आहे, आणि पहिल्या दहा सेकंदांत कळतं की हे हॉकविंड आहे.

तर मी इतके दिवस ब्रॉकच्या बाजूचा होतो. साधा हिशेब आहे. जो रोज दुकान उघडतो त्याचं दुकान. वीज बिल कोण भरतं, तालमीला लवकर येऊन वायरी कोण लावतं, व्हॅन बंद पडली की फोन कुणाला जातो. टर्नर मजेशीर होता, लेमी महान होता, पण दुकान ब्रॉकने उघडलं, रोज. असं मी लोकांना तावातावाने सांगायचो.

आता माझा स्वार्थ.

आमचा बँड होता. आहे. नाव सांगत नाही, कारण नावावरूनच सगळं चाललंय. आम्ही चौघं, इंजिनिअरिंगची पोरं. आजोबांची तिसऱ्या मजल्यावरची खोली, लाकडी जिना, भिंतींना अंड्यांचे ट्रे, खाली ट्रान्सफॉर्मरचं दुकान. आठ वाजता दुकान बंद झालं की आम्ही चालू. बेसवर तो, ज्याने श्रीखंडाच्या डब्यात यंत्र बनवलं. बँडचं नावही त्याचंच. एका रात्री जिन्यात बसून भेळ खाताना त्याने ते काढलं, आम्ही हसलो, आणि ते राहिलं.

लॉकडाउननंतर त्याला हिंजवडीत रात्रपाळीची नोकरी लागली. तालमी बुडायला लागल्या. एकदा, दोनदा, पाचदा. त्याच्या घरी वडिलांचं काही चालू होतं, ते त्याने नीट सांगितलं नाही आणि मी नीट विचारलं नाही. एक बरा कार्यक्रम आला. मी दुसरा बेसवाला शोधला. पण आधीच्या आठवड्यात एका लग्नाच्या पार्टीत वाजवायचं होतं, त्याला मी काहीच बोललो नाही. तो रात्रपाळी बदलून आला. मस्त वाजवलं त्याने. घरी गेल्यावर, रात्री एक वाजता, मी त्याला व्हॉट्सअॅप केला. 'अरे, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय की…'

सगळ्यांनी ठरवलं नव्हतं. बाकी दोघांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नव्हतो. टोरँटोचा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी टॅब बंद केला होता.

आता परिस्थिती अशी की ड्रमर जर्मनीला एमएससाठी गेला, तिकडेच राहिला. कीबोर्डवाली लग्न होऊन नाशिकला गेली. मूळ चौघांतला मी एकटा. नवीन तीन पोरं आहेत, माझ्यापेक्षा बरं वाजवतात. पुढच्या महिन्यात आमची चार गाणी यायची आहेत. फॉर्म भरायला घेतला तर पहिलाच रकाना, कलाकाराचं नाव. त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज. तीन वर्षांनी. एवढाच: 'भावा, नाव माझं आहे. तेवढं परत दे.'

माझ्याकडे उत्तरं सगळी तयार होती. पेज मी चालवतो, पासवर्ड माझ्याकडे, खोली माझी, तीन वर्षं मी एकट्याने ओढलंय. अगदी ब्रॉकचीच उत्तरं. टाइप केली, पाठवली नाहीत.

मागच्या शनिवारी तो खाली गल्लीत भेटला. एका काउंटरला आम्ही दोघं. तो कसलातरी कनेक्टर घेत होता. दोघांनाही पळता आलं नाही, शनिवारची गर्दी तुम्हाला माहितीये. तो नावाबद्दल काही बोलला नाही. मीही नाही. त्याने विचारलं, 'डबा चालतोय का?' मी म्हटलं, 'चालतोय, पण फिरवताना खरखर करतो.' तो म्हणाला, 'पॉट गेलाय. दहा के घे. लिनियर घे, लॉग नको.' दुकानदाराने पॉट काढून काउंटरवर ठेवला. मी पैसे दिले. मित्राने विचारलं, 'बाबांना भेटून जा कधीतरी.' असं म्हणाला आणि गेला. म्हणजे वडील आहेत. मला तेही माहीत नव्हतं.

या पॉडकास्टच्या सुरुवातीला जो आवाज येतो ना, हूऊऊश करून, मग माझं 'नमस्कार मंडळी'? बरेच जण विचारतात कुठल्या अॅपवरून घेतला. तो त्याच डब्याचा आहे. पहिल्या भागापासून. खाली वर्णनात मी माइकची कंपनीसुद्धा लिहिलीये, त्याचं नाव नाही लिहिलेलं.

पॉट अजून पुडीत आहे, इथे टेबलावर. मला सोल्डरिंग अजून धड येत नाही. फॉर्म तसाच उघडा आहे, रकाना रिकामा. मी त्याला आज फोन करणार आहे, मेसेज नाही. फोन. हे रेकॉर्डिंग बंद केलं की लगेच, नाहीतर परत राहील.

त्याने हो म्हटलं तर वर्णनात त्याचं नाव दिसेल. नाही दिसलं तर मला कमेंटमध्ये विचारू नका. पुढचा भाग पुढच्या बुधवारी.